शेजारच्या गावात पूर शिरतो तेव्हा



२०२० सालच्या ऑगस्टचा शेवटचा आठवडा आपल्या भागातील लोकांच्या चांगला ध्यानात असेल. रोवणी आटोपून धान बांध्यांत उभे होते. घरोघर गणपती बसले होते. करोनाच्या साथीने शाळा आणि बाजार आधीच सुने पडले होते. अशात पाऊस कोसळला, तो वरच्या अंगाला, मध्य प्रदेशात. आपली वैनगंगा तिकडे शिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि बालाघाट, गोंदिया, भंडारा असा मुलूख ओलांडीत आपल्याकडे येते. वरच्या धरणांचे पाणी सुटले, ते गोसीखुर्दला येऊन ठेपले. गोसीखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडावे लागले आणि ब्रह्मपुरी तालुक्यातील लाडज, पिंपळगाव भोसले, बेळगाव, अऱ्हेर-नवरगाव अशा गावांना पाण्याने वेढा घातला. पलीकडच्या काठाला वडसा-आरमोरीकडेही तीच गत झाली. लाडज तर नदीच्या पात्रातच बेटासारखे वसलेले गाव. तिथे पाऊल ठेवायचे तर एरवीही नाव लागते. पुरात काय झाले असेल, ते सांगायला नको.

आता आपले सिंदेवाही पाहा. सिंदेवाही गाव वैनगंगेच्या काठी नाही. पूर आला त्या दिवशीही आपली चूल पेटली, ढोरे गोठ्यात राहिली, रात्री आपण कोरड्या अंथरुणावर निजलो. पण नागभीडवरून ब्रह्मपुरीला आणि पुढे वडशाला जाणारी आगगाडी आपल्याच गावावरून जाते. पूर आलेल्या गावांत आपल्या लेकी दिलेल्या आहेत, तिकडच्या सुना आपल्या घरात आहेत. म्हणजे आपण कोण? तर कोरड्यातला शेजारी. आज मला बोलायचे आहे ते या कोरड्यातल्या शेजाऱ्याशी. सरकार आपले काम करील, आपत्ती निवारण दलाच्या बोटी येतील. पण तुम्हाआम्हाला काय करता येईल?

एक गोष्ट आरंभीच सांगतो, कारण पुढचे सारे तीवरच उभे आहे. मदत आपल्या सोयीने करायची नसते, ज्याचे बुडाले त्याच्या गरजेने करायची असते. आणि त्याची गरज रोज बदलते. पहिल्या दिवशी त्याला जीव वाचवायचा असतो, पहिल्या आठवड्यात पोट आणि पाणी सांभाळायचे असते, आणि पुढचे सहा महिने संसार उभा करायचा असतो. आपण बहुधा पहिल्या आठवड्याची मदत चौथ्या दिवशी, घाईघाईने, एकदाच करतो आणि मोकळे होतो.

पहिला दिवस

पहिल्या दिवसाची मोठी मदत म्हणजे खरी बातमी वेळेवर पोहोचवणे. पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी पहाटे डोंगर कोसळला. दीडशेच्या वर माणसे गाडली गेली. तार नाही, टेलिफोन नाही. बाहेरच्या जगाला खबर कशी लागली? त्या रस्त्याने गेलेल्या एस.टी.च्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही. तो नुसता हळहळत बसला नाही, त्याने ताबडतोब कळवले आणि मग मदतीची चाके हलली. एका साध्या माणसाने डोळे उघडे ठेवून केलेली ही मदत आहे.

आज आपल्याजवळ मोबाईल आहे. ११२ हा संकटकाळचा क्रमांक आहे, १०७७ वर जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष मिळतो, १०८ वर रुग्णवाहिका. फोन करताना आरडाओरड नको. गावाचे व टोल्याचे नाव, किती माणसे अडकली आहेत, त्यांत लेकरे, म्हातारी माणसे व गरोदर बाया किती, पाणी चढते आहे की ओसरते आहे, आणि कोणता रस्ता अजून चालू आहे, एवढे सांगावे. यातले जे आपण स्वतः पाहिले नाही ते "पाहिले" म्हणून सांगू नये. धरण फुटले, पूल वाहून गेला, अशी आवई मोबाईलवर दहा जणांना पाठवणारा माणूस पाण्याइतकेच नुकसान करतो.

दुसरे असे, की पोहता येते म्हणून पुरात उडी घेऊ नये. आपण तळ्यात पोहायला शिकलेली माणसे. वाहत्या पुराची ओढ निराळी असते. गुडघाभर वाहते पाणीही धडधाकट माणसाचे पाय उचलते. बुडणाऱ्याकडे दोर टाकावा, लांब बांबू द्यावा, ट्रॅक्टरच्या चाकातील हवा भरलेली ट्यूब वा घट्ट बुच लावलेला रिकामा कॅन फेकावा. पुलावरून पाणी वाहत असेल तर मोटारसायकल घालू नये. अलीकडे थांबावे आणि मागून येणाऱ्यालाही थांबवावे. नावेत माणसे मोजून घ्यावीत. २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळ येथे गावकऱ्यांना वाचवायला निघालेली बोट उलटली आणि वाचवली जाणारी माणसेच बुडाली. बोटीत प्रमाणाबाहेर माणसे होती. जीव वाचवायच्या घाईतही "आता पुरे, उरलेली पुढच्या खेपेला" असे म्हणणारा एक कठोर माणूस काठावर हवा असतो.

आणि पूर पाहायला जाऊ नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात साडेसात हजारांहून अधिक माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. अशा वेळी वाट अडते ती नुसती ढिगाऱ्यांनी नव्हे, बघ्यांच्या गर्दीनेही अडते. ज्याला तिथे काम नाही, त्याने घरी राहणे हीदेखील मदत आहे.

पहिला आठवडा

आता तुम्ही म्हणाल, "ते झालं, पण आम्ही गावातून काय पाठवावं?"

याचे उत्तर माझ्याजवळ नाही. ते पूर आलेल्या गावाजवळ आहे. आधी विचारा. समजा, तुमच्या ओळखीचे कोणी पूरग्रस्तांच्या मुक्कामाच्या शाळेत आहे. त्यांना फोन लावा. "भाऊ, काय पाठवू?" कदाचित उत्तर येईल, "आमच्या पोटाचं होऊन जाते जी, कोणी ना कोणी देऊन राहिले. पन ढोराले तणस नाही." घरी बसून कितीही डोके खाजवले असते तरी तणस आपल्याला सुचली नसती, सुचले असते ते जुने कपडे.

जुन्या कपड्यांची गोष्ट सांगतो. २६ डिसेंबर २००४ रोजी समुद्राची लाट, जिला आपण त्सुनामी म्हणतो, ती तामिळनाडूच्या किनाऱ्यावर आली. देशभरातून कपड्यांचे गठ्ठे तिकडे गेले. कोळ्यांच्या वस्त्यांजवळ, रस्त्याच्या कडेला या कपड्यांचे ढीग पावसात भिजत पडले. लोकांनी ते घेतले नाहीत. का घ्यावेत? घर गेले म्हणून माणसाची अब्रू जात नाही. फाटके, विटके, दुसऱ्याने टाकलेले वस्त्र अंगावर घालणे हे त्याला बुडण्याहून जड जाते. शिवाय ते ढीग उचलायला पुन्हा माणसे लागली, ती निराळीच. म्हणून वस्त्र द्यायचे तर नवे द्यावे. एकच द्यावे, पण पाहुण्याला देतो तसे घडी करून द्यावे.

मग काय उपयोगी पडते? धान्य म्हणाल तर पाच माणसांच्या घराला आठवड्याला साधारण १५ किलो तांदूळ, २ किलो डाळ, १ किलो तेल, मीठ, तिखट, हळद. हे एका पिशवीत बांधून द्यावे, म्हणजे वाटताना भांडण होत नाही. सोबत साबण, आगपेटी, मेणबत्ती, मच्छरदाणी. आपल्या भागात हिवताप आहे आणि पूर ओसरला की डास वाढतात, हे विसरू नये. बायकांच्या अडचणीच्या दिवसांचे सामान कोणी मागत नाही, पण ते लागतेच. ते बायकांनी बायकांच्या हाती द्यावे. आणि कोरडे सरपण! भिजल्या घरात तांदूळ आहे पण जाळायला काटकी नाही, अशी स्थिती असते. सरपणासाठी जंगलात जावे तर आपल्या जंगलात वाघ आहे. एक बंडीभर सुकी लाकडे तुम्हाला जड नाहीत. त्यांना ती दहा दिवसांची चूल आहे.

तणशीचे म्हणाल, तर एका बैलजोडीला दिवसाला दहा-बारा किलो कोरडा चारा लागतो. भिजलेल्या, बुरशी लागलेल्या तणशीने ढोरे आजारी पडतात. ज्याच्या बैलांना चारा नाही, तो पडेल भावाने बैल विकतो आणि पुढच्या वर्षी त्याची नांगरट दुसऱ्याच्या मेहेरबानीवर जाते. तेव्हा तणशीचा एक ट्रॅक्टर म्हणजे नुसता चारा नव्हे. पुढच्या हंगामाची बैलजोडी आपण वाचवली, असे समजावे.

पाणी आणि साप

पुरातून वाचलेली माणसे पुढच्या पंधरवड्यात घाण पाण्याने दगावू शकतात. विहिरीत पुराचे पाणी शिरले असेल तर ते शुद्ध झाल्याशिवाय पिऊ नये. स्वच्छ विहिरीला १,००० लिटर पाण्यास सुमारे अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर लागते. गढुळलेल्या विहिरीला याहून जास्त, आणि ते प्रमाण आरोग्य सेवकाने तपासून ठरवावे. पावडर बादलीत कालवावी, चुना खाली बसू द्यावा, वरचे निवळ पाणी विहिरीत सोडावे आणि एक तास थांबावे. शंका असेल तर पाणी उकळून प्यावे. हगवण लागलेल्या मुलाला एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजीत राहावे आणि दवाखान्यात न्यावे. हे प्रमाण शिक्षकांनी फळ्यावर लिहून मुलांकडून पाठ करून घ्यावे. मूल घरी जाऊन आईला सांगते.

पुरात सापही बेघर होतात आणि माणसे जिथे कोरडी जागा शोधतात तिथेच तेही येतात. मदत साफसफाईची असो की सामानाची, हातात काठी व विजेरी असावी. ढिगाऱ्यात उघडा हात घालू नये. साप चावलाच तर चिरा पाडू नये, करकचून दोरी बांधू नये, मंत्रतंत्रात वेळ घालवू नये. चावलेला अवयव न हलवता सरळ सरकारी दवाखाना गाठावा. विषावरचे औषध तिथे असते.

गावाने एक होऊन कसे करावे

आपल्यात म्हण आहे, गाव करील ते राव काय करील. पण गावाने करायचे तर गावासारखे करावे. दहा मंडळांनी दहा गाड्या एकाच गावी नेल्या, की रस्त्यावरच्या गावाला सहा वेळा पोळ्या मिळतात आणि आतल्या टोल्याला एकदाही नाही. म्हणून तीन गोष्टी ठरवाव्यात.

पहिली, विचारणारा माणूस एक असावा. त्याने तहसील कचेरी आणि पूरग्रस्त गावचे सरपंच यांच्याशी रोज बोलावे आणि आजची गरज गावाला सांगावी. दुसरी, गोळा करण्याची जागा एक असावी. शाळा असो, ग्रामपंचायत असो, नाहीतर जिथे गुरुदेव सेवा मंडळाची सायंप्रार्थना होते ती जागा असो. तिसरी, हिशेब उघडा असावा. आज काय आले, काय गेले, कोणाच्या हाती दिले, हे संध्याकाळी फळ्यावर लिहावे. दोन पायली तांदूळ देणाऱ्या म्हातारीलाही आपले तांदूळ कुठे गेले ते वाचून दाखवावे. ज्याचा हिशेब दिसतो, त्याला दुसऱ्या वेळी मागावे लागत नाही. पैसे द्यायचे असतील तर मुख्यमंत्री सहायता निधीसारख्या अधिकृत खात्यात द्यावेत आणि पावती घ्यावी. मोबाईलवर आलेल्या अनोळखी खात्यात देऊ नयेत. संकटात ठकही जागे होतात.

वाटप करताना आणखी एक पाहावे. ज्याचे घर रस्त्यावर आहे, ज्याला बोलता येते, ज्याच्या नावे सातबारा आहे, त्याला मदत आपोआप पोहोचते. शेवटच्या टोल्यावरची विधवा, भूमिहीन मजूर, ठेक्याने शेती करणारा, डोंगा चालवणारा, मासेमारी करणारा, यांचे नाव यादीत सहज सुटते. आपण यादी हातात घेतली की पहिला प्रश्न विचारावा, "यात कोण नाही?" आणि देताना छायाचित्रे काढीत बसू नये. घेणाऱ्याचा हात खाली असतो. तो जगाला दाखवायचा नसतो.

पाणी ओसरल्यावर

आता खरी मदत सुरू होते आणि नेमक्या याच वेळी आपण परत फिरतो. पाणी ओसरले, बोटी गेल्या, वर्तमानपत्रांतून बातमी गेली. मागे काय राहते? घरात वीतभर चिखल, भिजलेली धानाची ढोली, आणि बांधीत रेतीखाली निजलेले पीक. धान हे पाण्यातले पीक खरे, पण गढूळ पाण्याखाली पूर्ण बुडालेले रोप फार दिवस तग धरीत नाही. ऑगस्टअखेरीस गेलेले धान त्या सालात पुन्हा रोवता येत नाही. पऱ्हे टाकून ते वाढवायला आता वेळच उरलेला नसतो.

या वेळी आपण काय करावे? एक रविवार ठरवावा. वीस माणसे, फावडी, घमेली आणि स्वतःच्या शिदोऱ्या घेऊन जावे आणि चिखल काढावा. त्यांच्या चुलीवर आपल्या जेवणाचा भार टाकू नये. ज्यांना अवजड काम होत नाही, त्यांनी कागद सांभाळावेत. भिजलेला सातबारा, पासबुक, शाळेचा दाखला हे उन्हात टाकू नयेत, चोळू नयेत. सावलीत कोऱ्या कागदांच्या मध्ये ठेवून सुकवावेत.

मग येतो पंचनामा. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक येतात. हल्ली या हुद्द्यांची नावे बदलली आहेत, काम तेच आहे. घर, भांडी, पीक, ढोर, जे गेले ते सारे नोंदले गेले पाहिजे. पडलेली भिंत साफ करण्याआधी आणि मेलेले ढोर पुरण्याआधी छायाचित्र काढावे व पंचनाम्यासाठी कळवावे. पिकाचा विमा असेल तर ताबडतोब सूचना द्यावी. रडून डोळे सुजलेल्या माणसाला हे सुचत नाही. तेव्हा लिहितावाचता तरुण त्याच्या शेजारी बसून अर्ज भरून देतो, ही मदत दहा किलो तांदळाहून मोठी आहे. तांदूळ आठ दिवसांत संपतात. बरोबर भरलेला अर्ज त्याचा हक्क मिळवून देतो.

शेतकऱ्याने शेतकऱ्याला द्यायची देणगी मात्र एकच, बियाणे. खरीप गेले तरी रब्बी हातात आहे. हरभरा, जवस, लाखोळी यांपैकी जमिनीला काय मानवेल, हे आपल्या सिंदेवाहीच्या कृषी संशोधन केंद्रात किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारावे. गाळ बसला की जमीन बदलते. हरभऱ्याला एकरी साधारण तीस किलो बियाणे लागते. गावातल्या तीस घरांनी प्रत्येकी एक किलो दिला, तर एका घरचा एक एकर पेरला जातो. त्यासोबत ट्रॅक्टरचा एक दिवस वा बैलजोडीचे दोन दिवस दिले, की त्या माणसाला सावकाराच्या उंबऱ्यावर जावे लागत नाही. पुरात बुडालेला माणूस काठाला लागतो. कर्जात बुडालेल्याला काठ लवकर सापडत नाही.

आणि मुले! किल्लारीच्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुले पुण्याला नेली आणि त्यांच्या राहण्याची व शिक्षणाची वर्षानुवर्षे सोय केली. मदत किती लांबची असू शकते, याचा तो धडा आहे. एवढे मोठे काम सर्वांना होणार नाही. पण आपल्या शाळेने पूरग्रस्त शाळेच्या एका वर्गाची पुस्तके-वह्या वर्षभर पुरवणे, हे होण्यासारखे आहे. त्या मुलांना भेटलात तर "पाणी आलं तेव्हा काय झालं, सांग" असे खोदून विचारू नका. लंगडी घाला, गाणी म्हणा, गणिते सोडवा. त्यांना जे सांगायचे असेल ते आपणहून सांगतील. तेव्हा मात्र ऐकावे.

शिक्षकांना दोन शब्द

गुरुजींनो, बाईंनो, हे सारे पूर आल्यावर शिकवता येत नाही. मृगाच्या आधी एक दिवस काढा आणि मुलांकडून गावाचा नकाशा करवून घ्या. उंच जागा कोणती, पाण्याखाली जाणारा रस्ता कोणता, विहिरी कुठे, नाव कोणाकडे, ट्रॅक्टर कोणाकडे, एकटी म्हातारी माणसे व अपंग कोणत्या घरी, हे त्यावर मांडा आणि नकाशा ग्रामपंचायतीत लावा. पुराच्या रात्री तो नकाशा बोटीइतका उपयोगी पडेल.

कारण हे केवळ नदीकाठच्या गावांचे दुःख नाही. २०२० नंतर २०२२ च्या जुलैतही चंद्रपूर-गडचिरोलीकडे पुन्हा पूर आले. आपला मुलूख तलावांचा आहे. जुन्या मालगुजारी तलावाची पाळ एखाद्या रात्री फुटली, गावाला आग लागली, वादळाने कवेलू उडाले, तर आज कोरड्यातला असलेला शेजारी उद्या ओल्यात असतो. त्या वेळी लाडजच्या, पिंपळगावच्या माणसाने आपल्याला विचारावे, "काय पाठवू, भाऊ?" असे वाटत असेल, तर आज त्याला तो प्रश्न आपण विचारला पाहिजे. आणि विचारून झाल्यावर उत्तर नीट ऐकून घेतले पाहिजे.